कंपनी बंद होताना कामगाराने सांभाळायचे कागद

चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. शेतांच्या जागी प्लॉट पडले, मग इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतली कितीतरी घरे भोसरी, चाकण, तळेगावच्या पगारावर कर्ज काढून घेतलेली आहेत. त्यामुळे एखादी कंपनी बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली की इथल्या घरात आधी हप्त्याचा विषय निघतो. मग कंपनी हिशेब किती देईल याचा. कागदांचा विषय सहसा शेवटी निघतो, तोवर गेटला कुलूप लागलेले असते आणि एचआरमधले लोकही दुसरीकडे गेलेले असतात. या लेखात आपण कागदांपासूनच सुरुवात करू आणि एकेक टप्पा क्रमाने पाहू.

कंपनी एका दिवसात बंद होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. तळेगावच्या जनरल मोटर्सकडे पाहा. कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले आणि प्रकल्प फक्त निर्यातीसाठी चालू ठेवला. जानेवारी २०२० मध्ये तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकण्याचा करार जाहीर झाला. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. प्रकल्प बंद करण्याची परवानगी राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये नाकारली. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस लागली. ग्रेट वॉलचा करार २०२२ मध्ये बारगळला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने प्रकल्प घेण्याचा करार केला. म्हणजे पहिल्या खुणेपासून इथपर्यंत साडेपाच वर्षांहून जास्त काळ गेला. एवढा अवधी प्रत्येकाला मिळेलच असे नाही, पण काही महिने बहुतेक ठिकाणी मिळतात, आणि ते वाया जाऊ देऊ नयेत.

खुणा ओळखीच्या असतात. ओटी बंद होते. कंत्राटी मुलांना आधी ब्रेक दिला जातो आणि परत बोलावले जात नाही. तिसरी पाळी जाते, मग दुसरी. पगार सात तारखेचा पंधरावर जातो. यातले काही दिसले की त्याच आठवड्यात आपले पीएफचे पासबुक मोबाइलवर उघडून पाहावे. कंपनीने मागच्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पगारातून कापलेली रक्कम खात्यात दिसत नसेल, तर तो अडचणीचा फार खात्रीचा पुरावा आहे. तशी तक्रार पीएफ कार्यालयाच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर लगेच करता येते.

मग कागद गोळा करावेत. नेमणूकपत्र, कायम केल्याचे पत्र, शेवटच्या वर्षभराच्या पगारस्लिपा, ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो, पगारवाढीच्या कराराची प्रत, पगार जमा होणाऱ्या खात्याचे बँक स्टेटमेंट. हल्ली बऱ्याच कंपन्या पगारस्लिप स्वतःच्या पोर्टलवर देतात. कंपनी बंद झाली की आपले लॉगिनही बंद होते, म्हणून स्लिपा आत्ताच उतरवून घ्याव्यात आणि स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवाव्यात. आधार, पॅन, बँक आणि पीएफ या चारही ठिकाणी आपले नाव आणि जन्मतारीख अगदी एकसारखी आहे का, तेही तपासावे. दुरुस्तीसाठी कंपनीची संमती लागण्याची वेळ येते, आणि बंद कंपनीची संमती मिळवायला महिनोन्‌महिने लागू शकतात. इथे जेवढे लोक अडकतात तेवढे दुसऱ्या कुठल्याही टप्प्यावर अडकत नसतील.

पुढचा टप्पा सहसा ले-ऑफचा, म्हणजे कामगार हजेरीपटावर आहे पण त्याला द्यायला काम नाही. ज्या कारखान्यात ५० किंवा अधिक कामगार आहेत, तिथे ज्या कामगाराची सलग वर्षभराची नोकरी झाली आहे, त्याला या काळात मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. वर्षभर म्हणजे मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम. चूक होते ती हजेरीची. काम नाही म्हणून माणूस गावाकडे निघून जातो, आणि हजर राहिला नाही या कारणावरून त्याची भरपाई अडते. कंपनीने लेखी सूट दिली नसेल तर ठरल्या वेळी जाऊन सही करावी. गेटवर सही घेत नसतील तर तेवढे एक वाक्य लिहून कंपनीला ई-मेल करावा.

याच सुमारास स्वेच्छानिवृत्तीची, म्हणजे व्हीआरएसची योजना येते. या पट्ट्याला ती नवी नाही. बजाजने २००७ मध्ये आकुर्डीतले उत्पादन थांबवले, त्या वेळच्या आठवणी अजून निघतात. व्हीआरएस घेणे चूक आहे असे माझे म्हणणे नाही. कंपनी कायद्याच्या रकमेपेक्षा खूप जास्त देत असेल आणि आपले वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर ते शहाणपणाचेही ठरू शकते. पण सही करण्यापूर्वी दोन रकमा शेजारी शेजारी लिहाव्यात: कंपनी देते ती, आणि बंदीनंतर कायद्याने मिळणार ती. ग्रॅच्युइटी आणि पीएफ हे आपले आधीचेच पैसे आहेत. ते मिळवून पॅकेज मोठे दाखवले असेल तर ते वजा करून पाहावे.

आणि साधा राजीनामा कधीही लिहून देऊ नये. 'सगळ्यांकडूनच घेतोय, नुसती फॉर्मॅलिटी आहे' असे सांगून कोऱ्या तारखेच्या राजीनाम्यावर सह्या घेतल्या जातात. त्या एका कागदाने बंदीची भरपाई जाते, कामगार विम्याचा बेकारी भत्ता जातो आणि पुढे दाद मागण्याचा पायाच खचतो. सही करायला लावलीच, तर वर 'हरकत राखून' असे लिहून तारीख टाकावी आणि फोटो काढून ठेवावा. शक्य असेल तर एकट्याने सही करायला जाऊच नये.

आता बंदीच्या परवानगीचे पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. जुन्या कायद्यात १०० किंवा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत असे. नव्या संहितेत ही मर्यादा ३०० वर गेली आहे. माझ्या मते हा बदल या पट्ट्यातल्या कामगाराला सर्वांत महागात पडणारा आहे, कारण भोसरी-चाकणमधले पुष्कळ सुटे भाग बनवणारे कारखाने याच १०० ते ३०० च्या मधले आहेत. जनरल मोटर्सच्या कामगारांच्या हातात सरकारने नाकारलेली परवानगी हे एक साधन होते. दोनशे माणसांच्या कारखान्यातल्या कामगाराकडे आता ते उरलेले नाही.

३०० किंवा अधिक कामगार असतील तर कंपनीने किमान ९० दिवस आधी अर्ज करावा लागतो, त्याची प्रत कामगारांच्या प्रतिनिधींना द्यावी लागते आणि सरकार दोन्ही बाजू ऐकते. ६० दिवसांत सरकारने काहीच कळवले नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाते. म्हणून युनियनने अर्जाची तारीख पहिल्या दिवसापासून मोजावी आणि लेखी हरकत लवकर द्यावी. परवानगी न घेता केलेली बंदी बेकायदा ठरते आणि कामगारांचे पगारासह सगळे हक्क चालू राहतात. त्याहून लहान, पण किमान ५० कामगार असलेल्या कारखान्याला परवानगी लागत नाही, मात्र ६० दिवसांची नोटीस सरकारला द्यावी लागते. ती दिली का, हे शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात विचारता येते.

नोटीस आली की हिशेबाकडे वळावे. बंदीची भरपाई म्हणजे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. शेवटचे अपुरे वर्ष सहा महिन्यांहून जास्त असेल तर तेही पूर्ण धरतात. ग्रॅच्युइटी वेगळी. ती शेवटच्या वेतनाला २६ ने भागून, १५ ने आणि वर्षांनी गुणून काढतात. समजा वेतन २०,००० रुपये आणि नोकरी ११ वर्षे ७ महिने. वर्षे धरायची १२. बंदीची भरपाई महिन्याच्या निम्म्याने, म्हणजे १०,००० गुणिले १२, म्हणजे १,२०,००० रुपये. ग्रॅच्युइटी सुमारे १,३८,४६१ रुपये. दोन्ही मिळून अडीच लाखांच्या वर. याखेरीज नोटिशीचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, राहिलेला बोनस आणि थकलेला पगार. हे सगळे एका कागदावर लिहून कंपनीच्या हिशेबाशी ओळीओळीने ताडावे.

इथे कुठली संख्या 'वेतन' म्हणून धरली आहे ते पाहावे. वर्षानुवर्षे मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे ठेवण्याची पद्धत होती, त्यामुळे ग्रॅच्युइटी आपोआप लहान निघे. नव्या संहितांनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात मिळवावा लागतो. पगारस्लिपवर बेसिक ८,००० आणि एकूण २४,००० असेल, तर हिशेब आठ हजारांवर झाला आहे का, हे जरूर विचारावे.

आणखी एक अडचण. कायद्यात असे कलम आहे की मालकाच्या हाताबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणाने कारखाना बंद झाला तर भरपाई जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या सरासरी वेतनाइतकी. काही कंपन्या तोट्याचे कारण पुढे करून हे कलम लावतात. पण नुसती आर्थिक अडचण किंवा न खपलेला माल साठून राहणे, ही टाळता न येणारी कारणे नव्हेत, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. 'तीनच महिन्यांचे मिळेल' असे तोंडी सांगितले, तर ते लेखी मागावे.

कपातीसाठी तरतूद थोडी निराळी आहे. कारखाना चालू ठेवून माणसे कमी केली, तर वरच्या भरपाईखेरीज मालकाने प्रत्येक कामगारामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आहे आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची आहे. ही तरतूद नवी असल्याने पुष्कळांना ठाऊक नाही.

ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग नोकरी लागते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या संहितेत एका वर्षानंतरही ती प्रमाणात मिळते. देय झाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी. कामगारांच्या पतसंस्थेचे कर्ज असेल तर ते हिशेबातून परस्पर वळते केले जाते. किती बाकी होती आणि किती कापली, याचा उतारा पतसंस्थेकडून आधीच आणून ठेवला तर दोनदा कापले जात नाही.

पीएफच्या बाबतीत घाई करू नये. पैसे काढण्याआधी खात्यात 'नोकरी सोडल्याची तारीख' नोंदवलेली असावी लागते. कंपनीने ती भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपण स्वतः पोर्टलवर ती भरू शकतो. सगळी रक्कम लगेच उचलणे मात्र बहुतेकदा तोट्याचे असते. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. आपली आठ-नऊ वर्षे झाली असतील आणि पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर पुढच्या कंपनीत मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र, म्हणजे झालेल्या वर्षांचा दाखला घेता येतो. एकूण नोकरी पाच वर्षांहून कमी असताना काढलेल्या मोठ्या रकमेतून करही कापला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याच्या मुदती वाढवण्याचा आणि काही भाग खात्यात ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला नियम आकुर्डीच्या पीएफ कार्यालयात विचारून घ्यावा.

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना कामगार विमा, म्हणजे ईएसआय लागू असतो. मोहननगरचे ईएसआयचे रुग्णालय चऱ्होलीकरांना माहीत आहे, पण बेकारी भत्ता माहीत नाही. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून आहे. कारखाना बंद पडल्याने किंवा कपातीने नोकरी गेली आणि किमान दोन वर्षे वर्गणी भरलेली असेल, तर जास्तीत जास्त २४ महिने भत्ता मिळतो: पहिले बारा महिने सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. त्या काळात कुटुंबाचे औषधपाणीही चालू राहते. यासाठी बंदीचा किंवा कपातीचा लेखी पुरावा लागतो. राजीनामा दिला असेल तर हा दरवाजा बंद. चौकशी बिबवेवाडीच्या ईएसआय कार्यालयात करावी.

कंत्राटी कामगारांसाठी वेगळे सांगायला हवे, कारण चाकणमध्ये लाइनवर उभी असलेली बरीच माणसे कंत्राटीच आहेत आणि बंदीच्या बातम्यांत त्यांची संख्या येत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. म्हणून आपण कोणत्या कंपनीच्या आवारात काम केले याचा पुरावा ठेवावा: गेटपास, कॅन्टीनचे कार्ड, कंपनीच्या बसचा पास, सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा दाखला. पीएफच्या पासबुकात ठेकेदाराचे नाव दर वर्षी बदलत गेले असेल, तर जुने सगळे खाते क्रमांक एकाच यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाखाली आणून घ्यावेत.

टीम लीडर किंवा सुपरवायझर म्हणवल्या जाणाऱ्यांना 'तुम्ही कामगार नाही' असे सांगून भरपाईतून वगळले जाते. पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा माणूस दिवसभर प्रत्यक्षात कोणते काम करतो, ते न्यायालय पाहते. लाइनवर स्वतः जोडणी करणाऱ्याने नुसत्या पदनामावरून हार मानू नये.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर वाट वेगळी होते. प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जाते आणि कंपनीचा कारभार एका नेमलेल्या व्यावसायिकाकडे येतो. तो वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देऊन दावे मागवतो, मराठी वर्तमानपत्रातही. दावा दिलेल्या मुदतीत भरावा लागतो. 'कंपनीकडे आपली नोंद आहेच' असे समजून गप्प बसणारे इथे मागे पडतात. कंपनी मोडीत काढायची वेळ आलीच, तर त्याआधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने पुढे असतात, आणि पीएफ व ग्रॅच्युइटी निधीतले कामगारांचे पैसे इतर देणेकऱ्यांत वाटता येत नाहीत.

नवा मालक आला तर नोकरी टिकेल का, हा प्रश्न तळेगावात वर्षानुवर्षे विचारला गेला. जनरल मोटर्स आणि ह्युंदाई यांचा करार जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा होता. जुन्या कामगारांनी नोकरी मागत ऑक्टोबर २०२३ मध्ये उपोषण केले. त्याच वर्षी जानेवारीत गुजरातेत फोर्डचा साणंदचा प्रकल्प टाटांकडे गेला, तेव्हा वाहननिर्मितीतल्या पात्र कर्मचाऱ्यांना नोकरी देण्याचे करारातच लिहिले होते. दोन्ही ठिकाणी कामगार कुशल होते. फरक करारात काय लिहिले गेले याचा होता. म्हणून विक्रीची बोलणी सुरू आहेत असे कळताच, करार होण्याआधी, युनियनने राज्य सरकारकडे कामगारांना सामावून घेण्याची अट मागावी. विक्री झाल्यावर ती मागणे फार कठीण जाते.

घरच्या आघाडीवर पहिले काम बँकेचे. हप्ता थकून ९० दिवस झाले की कर्ज बुडीत वर्गात जाते आणि मग बँकेचे हातही बांधले जातात. त्याआधीच नोटिशीची प्रत घेऊन शाखेत जावे आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची लेखी विनंती करावी. भरपाईची सगळी रक्कम एकदम कर्जात भरून टाकण्याची घाई करू नये. पुढचे सहा महिने घर कशावर चालणार, ते आधी बाजूला काढावे.

नवे काम शोधताना चाळिशीच्या पुढच्या माणसाला चाकणमध्ये बहुधा कंत्राटावरचेच काम दाखवले जाते. वीस वर्षे प्रेस किंवा सीएनसी चालवली, पण हातात एकही प्रमाणपत्र नाही, हे त्याचे मोठे कारण आहे. कंपनीकडून अनुभवाचा दाखला मागताना त्यात यंत्रांची आणि कामाची नावे लिहून घ्यावीत. केंद्राच्या कौशल्य योजनेत आधीच अवगत असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. राज्याच्या महास्वयम् पोर्टलवर नाव नोंदवावे. 'कंपनीत चिकटवतो' म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाला मात्र एक रुपयाही देऊ नये.

शेवटी दाद मागण्याचे. तक्रार आधी कामगार आयुक्त कार्यालयात जाते, तिथे समेटाचा प्रयत्न होतो. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कपात झालेला कामगार स्वतः थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. तिथे जाण्याची मुदत आता दोन वर्षांची आहे, जुन्या कायद्यात तीन होती. वकिलाचा खर्च झेपणार नाही म्हणून कित्येक जण इथेच थांबतात. तसे थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला, त्याचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पुण्यात त्यासाठी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, आणि जाताना वर सांगितलेले सगळे कागद बरोबर न्यावेत.